बिघाडाची शाळा



तारकर्लीला किंवा मालवणला पाण्याखाली उतरणारे पर्यटक आता आपल्या ओळखीचे झाले आहेत. पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा येते, माणूस श्वास घेतो आणि उच्छ्वासाचे बुडबुडे वर जातात. ही झाली खुली पद्धत. हिच्यात नासाडी फार. श्वासात घेतलेल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर टाकलेल्या हवेतही सोळा टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणजे वापरला त्याच्या तिप्पट बुडबुड्यांतून गेला. खोल जावे तशी ही उधळपट्टी वाढते. 40 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला वायूही पाचपट लागतो. शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र खोलीमुळे वाढत नाही. या विसंगतीवर तोडगा म्हणून बंद पद्धतीचे श्वसनयंत्र, म्हणजे रिब्रीदर, निघाले. त्यात उच्छ्वास बाहेर सोडायचाच नाही; तो शुद्ध करून, खर्च झालेला ऑक्सिजन त्यात घालून, पुन्हा श्वासाला घ्यायचा.

रचना ऐकायला सोपी आहे. तोंडात धरायच्या माउथपीसला दोन नळ्या, आणि वायू एकाच दिशेने फिरावा म्हणून दोन पातळ झडपा. उच्छ्वास एका पिशवीत जातो, तिथून सोडा लाइमच्या डब्यातून निघतो आणि दुसऱ्या पिशवीतून परत तोंडाशी येतो. सोडा लाइम म्हणजे मुख्यतः पानाला लावतो तोच विरवलेला चुना. त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि पाणी घालून त्याचे एक-दोन मिलिमीटरचे दाणे केलेले असतात. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी पाहिला असेल. डब्यात घडते ते हेच. कार्बन डायऑक्साइड चुन्यात अडकतो, कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि डबा गरम होतो. खर्च झालेला ऑक्सिजन भरायला छोटा सिलिंडर, आणि किती भरायचा हे ठरवायला ऑक्सिजन मोजणारे सेल, बहुधा तीन. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो, जोरात पोहताना दीड-दोन लिटर. त्यामुळे दोन-तीन लिटरच्या सिलिंडरवर काही तास पाण्याखाली काढता येतात, तेही जवळजवळ बुडबुड्यांशिवाय. नौदलाच्या कमांडोंना, सुरुंग निकामी करणाऱ्यांना, माशांचे चित्रीकरण करणाऱ्यांना आणि पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणाऱ्यांना हे यंत्र हवे असते ते यासाठी.

माझा विषय मात्र हे पाणबुडे नाहीत. जो हे यंत्र बांधतो, उघडतो, दुरुस्त करतो आणि सही करून परत देतो त्या तंत्रज्ञाला शिकवायचे कसे, याविषयी मला बोलायचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवतो. या तंत्रज्ञाचे शिक्षण मुद्दाम बिघडवलेल्या यंत्रांवर व्हावे, आणि परीक्षेत त्याने बिघाड हुडकून दाखवावा. यंत्र नीट जोडता येणे ही फार तर त्या परीक्षेला बसण्याची पात्रता.

हा आग्रह कशासाठी, ते यंत्र कसे बिघडते यावरून कळते. पंप बिघडला की खडखडतो, मोटर जळायला लागली की वास येतो. खुल्या पद्धतीचा रेग्युलेटर बिघडला तर बहुतेक वेळा हवा सुसाट सुटते आणि पाणबुड्याला ताबडतोब कळते. रिब्रीदर बिघडतो तेव्हा श्वास पहिल्यासारखाच येत राहतो. ऑक्सिजन कमी पडला तर शरीर तक्रार करत नाही, कारण धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने, आणि तो तर चुना गिळत असतो. माणूस कसलाही त्रास न होता बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन जास्त झाला तर फेफऱ्यासारखे झटके येतात, आणि पाण्याखाली झटका आला की माउथपीस तोंडातून सुटतो. दाबाखालचा ऑक्सिजन विषारी ठरतो हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांनी चाचणीच्या टाकीत इतके झटके अनुभवले की टाकीच्या तळाशी ‘ऑक्सिजन पीट’ नावाचा राक्षस राहतो, अशी त्यांच्यात थट्टा चाले. आज सर्वसाधारणपणे 1.6 बार ही ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची वरची हद्द मानतात. राहिला कार्बन डायऑक्साइड. तो साठला तर धाप लागते खरी. पण तोवर विचारशक्ती मंदावलेली असते, आणि एक माउथपीस काढून दुसरा तोंडात घालण्यापुरताही श्वास रोखवत नाही. थोडक्यात, पाण्याखाली गेल्यावर बिघाड ओळखण्याची संधी जवळजवळ नसते. ओळखायचा तो कार्यशाळेतल्या टेबलावर.

टेबलावर तरी तो दिसतो का? या यंत्राच्या इतिहासातली पहिली मोठी कामगिरीच या बाबतीत बोलकी आहे. हेन्री फ्लूस या इंग्रजाने 1878 मध्ये कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे आणि दाबाखालचा ऑक्सिजन वापरून पहिले उपयोगी रिब्रीदर बनवले. 1879 मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे काम चालू असताना आत पाणी शिरले. बोगद्यातले एक लोखंडी दार उघडे राहिले होते, आणि ते लागल्याशिवाय पंप पुरे पडेनात. 1880 मध्ये अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने आधी नेहमीच्या पोशाखात, हवेची नळी मागे ओढत प्रयत्न केला. नळी छताला जाऊन अडकू लागली. मग तो फ्लूसचे यंत्र पाठीला बांधून ठार काळोखात सुमारे हजार फूट आत गेला आणि दार लावून आला. तिथला एक व्हॉल्व्हही बंद करायचा होता. तो त्याने सांगितल्याबरहुकूम फिरवला. तरीही पाणी उतरायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पुढे कळले की त्या व्हॉल्व्हचे आटे डाव्या हाताचे होते आणि तो आधीच बंद होता. लँबर्टने इमानेइतबारे तो उघडला होता. यंत्राने काम चोख केले, माणसानेही केले. आटे उलटे असू शकतील ही शंका मात्र त्याला कोणी दिली नव्हती, आणि काळोखात हाताला दोन्ही प्रकारचे आटे सारखेच लागतात.

आता आजच्या यंत्राकडे येऊ, आणि त्यातल्या ऑक्सिजन सेलपाशी जरा रेंगाळू, कारण माझा सगळा युक्तिवाद या अंगठ्याएवढ्या वस्तूत सामावला आहे. सेलमध्ये शिशाचे एक विद्युतअग्र असते, दुसरे सोन्याचा मुलामा दिलेले, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि तोंडाशी पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, शिसे हळूहळू खर्च होते आणि त्या प्रमाणात काही मिलिव्होल्ट मिळतात. साध्या हवेत दहाच्या आसपास. शुद्ध ऑक्सिजनमध्ये, एका बारला, पन्नासच्या थोडे अलीकडे. आंशिक दाब दीडपट झाला की मिलिव्होल्टही दीडपट व्हायला हवेत. सेल जुना होतो तसे वापरण्याजोगे शिसे कमी उरते आणि एका हद्दीपुढे तो जास्त वीज देऊच शकत नाही. त्या हद्दीच्या खाली तो अगदी नव्यासारखा वागतो. समजा, तीन सेल टेबलावर आहेत. शुद्ध ऑक्सिजन सोडला, मल्टिमीटरवर 48, 47 आणि 49 आकडे आले. हवेतलेही आकडे बरोबर आहेत. नवशिका तंत्रज्ञ इथे थांबतो, तिन्ही सेल बसवतो आणि सही करतो. त्याला शिकवल्याप्रमाणे त्याने काहीच चुकवलेले नाही.

अडचण अशी की पाण्याखाली यंत्राला साधारण 1.3 बारवर ऑक्सिजन राखायचा असतो, आणि उघड्या टेबलावर शुद्ध ऑक्सिजन सोडूनही 1.0 च्या वर जाताच येत नाही. ज्या पट्ट्यात माणूस जगणार किंवा मरणार आहे, तो पट्टा या चाचणीत आलाच नाही. तो आणायचा तर सेल एका छोट्या दाबपात्रात ठेवून, ऑक्सिजन भरून, गेजवर 0.6 बार, म्हणजे एकूण 1.6 बार, येईपर्यंत दाब चढवावा लागतो. आता पाहा. 1.2 ला पहिला सेल 57 किंवा 58 दाखवतो, दुसरा 56, तिसरा 59, सगळे ठीक. 1.4 ला पहिल्याने 67 दाखवायला हवेत, तो 59 वर अडतो. दुसऱ्याने 66 दाखवायला हवेत, तो 58 वर खिळतो. तिसरा एकटा 69 ला जातो. 1.6 ला तिसरा 78 दाखवतो; पहिले दोन जागचे हलत नाहीत. हे दोन सेल एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच खेपेचे, एकाच उन्हाळ्यात एकाच गोदामात तापलेले असण्याची शक्यता भरपूर आहे. असे सेल माणसाच्या छातीवर बसले की काय होईल? यंत्राचा संगणक बहुमताने चालतो. एकमेकांशी जुळणारे दोन सेल खरे, वेगळे सांगणारा खोटा. दोघे म्हणतात 1.23, संगणक ऑक्सिजन सोडतो. दोघे पुन्हा म्हणतात 1.23, तो आणखी सोडतो. तिसरा 1.5, 1.7 असे ओरडत असतो, आणि नियमाप्रमाणे त्याचे मत बाद ठरते. तिन्हींपैकी खरे बोलणारा तोच असतो. एका सेलवर भरवसा नको म्हणून तीन बसवले, पण तिघांचे वय एकच असेल तर त्या तिघांत फार तर एकाचीच साक्ष असते. हा दोष चांगले सेल हाताळून, आकृत्या पाठ करून किंवा पन्नास यंत्रे जोडून कळण्यासारखा नाही. मेलेला पण जिवंत दिसणारा सेल हातात देऊन, ‘यात काय खोट आहे ते सांग’ असे म्हटले तरच तो डोक्यात बसतो.

दुसरे उदाहरण त्याहून साधे, म्हणून जास्त घातक. माउथपीसच्या दोन्ही बाजूंना सिलिकोनच्या पातळ चकतीची एकमार्गी झडप असते. तिची कड दुमडली किंवा सोडा लाइमचा एक कण तिच्याखाली अडकला तर उच्छ्वास डब्याकडे न जाता त्याच नळीत मागे येतो आणि पुढच्या श्वासाला पुन्हा तोंडात. दुरुस्तीनंतर दोन चाचण्या करायच्या हे प्रत्येक पुस्तकात असते: वायू भरून यंत्र फुगवायचे आणि दाब टिकतो का पाहायचे, मग ओढून पोकळी करायची आणि ती टिकते का पाहायचे. दुमडलेली झडप या दोन्ही चाचण्यांत उत्तीर्ण होते. का होणार नाही? चाचणी विचारते की वायू यंत्राबाहेर गळतो का. इथे तो आतल्या आतच चुकीच्या वाटेने जातो आहे. हीच गत सोडा लाइमच्या डब्याभोवतीच्या ओ-रिंगची. ती बसवायची राहिली, किंवा दिसायला तशीच पण मापाला जराशी बारीक बसवली, तर वायू चुन्यातून न जाता डब्याच्या कडेने निघून जातो, आणि बाहेरच्या कवचाला कुठेही छिद्र नसल्याने दाब तासभर टिकतो. डोळ्याने जुळवलेला भाग काय करू शकतो याचा धडा विमानवाहतुकीला 10 जून 1990 रोजी मिळाला. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. आदल्या दिवशी बसवलेल्या 90 बोल्टांपैकी 84 व्यासाने 0.026 इंच कमी होते. कप्तान वाचला. ते बोल्ट एका अनुभवी माणसाने जुन्या बोल्टाशी ताडून निवडले होते.

या दोन्ही उदाहरणांत चांगले यंत्र आणि बिघडलेले यंत्र टेबलावर सारखेच दिसतात, सारखाच आवाज करतात आणि नेहमीच्या चाचणीत सारखेच गुण मिळवतात. ज्या विद्यार्थ्याने फक्त चांगली यंत्रे पाहिली, त्याच्या मनात चांगल्याचीही खरी ओळख तयार होत नाही; कशापासून वेगळे ते त्याला ठाऊक नसते. आपल्या आयटीआयमध्ये फिटरला दिलेल्या मापाचा जॉब घासून आणायला लावतात, आणि कारागिरीचे ते शिक्षण उत्तम आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्यात गुण मिळतात ते चांगली वस्तू घडवल्याबद्दल. कोणीतरी घडवलेल्या दहा वस्तूंत वाईट कोणती आणि ती कशी ओळखलीस, हे विचारणारा पेपर आपल्या तंत्रशिक्षणात क्वचितच असतो. डॉक्टरांच्या शिक्षणात मात्र आजारी माणूस पहिल्या काही वर्षांतच समोर येतो. निरोगी शरीराची चिरफाड शिकून कोणालाही दवाखाना उघडता येत नाही.

मग शाळा कशी असावी? तिच्या मध्यभागी कुलपातले एक कपाट असावे. त्यात हद्दीला टेकलेले सेल, पडद्यावर पाणी साचून कमी आकडा दाखवणारे सेल, दुमडलेल्या झडपा, उघडी राहणारी आणि बंद राहणारी सॉलेनॉइड, म्हणजे ऑक्सिजन सोडणाऱ्या विजेच्या झडपा, साध्या सिलिकोन ग्रीसने माखलेला ऑक्सिजनचा रेग्युलेटर, केसाएवढी भेग गेलेली नळी, जोडावर गंज चढलेली वायर. ग्रीसची गोष्ट थोडी निराळी आहे: ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की वायू दबून तापतो आणि तेवढ्या उष्णतेने साधे वंगण पेट घेऊ शकते, म्हणून ऑक्सिजनला चालणारे खास वंगणच वापरावे लागते, पण बोटाला दोन्ही सारखीच बुळबुळीत लागतात. सोडा लाइमचा डबा भरायला तर आठवडाभर द्यावा. भरायचा, ठोकायचा, बसलेला चुना पाहायचा, पुन्हा भरायचा, वजन करायचे. सैल भरला की वायू दाण्यांमधून स्वतःची वाट काढतो आणि बाकीचा चुना नुसता बसून राहतो. इस्पितळात भूल देण्याच्या यंत्रात जो सोडा लाइम वापरतात त्याचा रंग संपत आल्यावर पांढऱ्याचा जांभळा होतो. ठेवून दिला की काही वेळाने तो पुन्हा पांढरा दिसू शकतो. रंगावर विसंबणाऱ्याला हे एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे.

आणि विद्यार्थ्याने एक यंत्र स्वतः बांधावेही. पाण्यात नेण्यासाठी अजिबात नाही. श्वासाच्या यांत्रिक पंपाला जोडून मोजण्यासाठी. युरोपीय मानक ईएन 14143 मध्ये डब्याची चाचणी कशी करायची ते ठरलेले आहे: 40 मीटरचा दाब, 4 अंश सेल्सिअसचे पाणी, मिनिटाला 40 लिटर श्वास आणि त्यात 1.6 लिटर कार्बन डायऑक्साइड; गाळलेल्या वायूत त्याचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेला पोचेपर्यंत किती मिनिटे गेली ते मोजायचे. स्वतः बांधलेल्या यंत्राची नळी अरुंद वाटेने वळवली की श्वास ओढायला किती जोर जास्त लागतो, हे ज्याने मोजले आहे तो दुसऱ्याच्या यंत्रात ‘जवळपास तशीच’ नळी बसवणार नाही. 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोएस्मान्सगाट या पाण्याने भरलेल्या विवरात सुमारे 270 मीटरवर डेव्ह शॉ हा पाणबुड्या मरण पावला. त्या खोलीवर वायू इतका दाट होता की श्रम करताना कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून पुरेसा बाहेर टाकणे शरीराला जमले नाही. यंत्र पुस्तकी अर्थाने चालू होते. चालू असणे आणि श्वास घेता येणे यांतले अंतर तंत्रज्ञाला आकड्यांत माहीत हवे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की अपघात यंत्रामुळे होत नाहीत, माणसामुळे होतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी 1998 ते 2010 या काळातल्या, रिब्रीदर वापरणाऱ्या हौशी पाणबुड्यांच्या 181 मृत्यूंचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. रिब्रीदरवर मृत्यूचा धोका खुल्या पद्धतीच्या चार ते दहा पट असावा, असा त्यांचा अंदाज. आणि सुमारे दोन-तृतीयांश मृत्यूंमागे जोखमीचे वागणे दिसते, कुठल्या एका बनावटीकडे बोट दाखवता येत नाही, हाही त्यांचा निष्कर्ष. मग तंत्रज्ञाच्या शिक्षणाचा एवढा घोळ कशाला? त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: जोड-सिलिंडरच्या खुल्या संचाशी तुलना करता रिब्रीदरचा एखादा भाग बिघडण्याची शक्यता त्यांनी 25 पट धरली. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. इतक्या वेळा बिघडू शकणारे यंत्र हातात असताना माणसाचे वागणे निर्णायक ठरते, हे खरेच. पण रिब्रीदरचा प्रत्येक मालक दर वेळी यंत्र उघडतो, चुना भरतो, सेल तपासतो, जोडतो. म्हणजे ज्याला आपण पाणबुड्याची चूक म्हणतो तिचा बराच भाग तंत्रज्ञाच्या कामातली चूक असतो. फक्त ती अप्रशिक्षित तंत्रज्ञाच्या, म्हणजे खुद्द पाणबुड्याच्या, हातून घडलेली असते. शिवाय मेलेल्या माणसाच्या यंत्रातला सेल हद्दीला टेकला होता की नाही हे दाबपात्रात घालून पाहिले तरच कळते, आणि प्रत्येक तपासात ते पाहिले जाते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ‘मानवी चूक’ हा शेरा अनेकदा तपास थांबला ती जागा दाखवतो.

दुसरा आक्षेप इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. यंत्रच स्वतःला तपासेल, माणूस कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. स्वीडनच्या पोसायडन कंपनीच्या यंत्रात पाण्यात उतरण्यापूर्वी स्वयंचलित तपासण्यांची मालिका असते आणि पाण्याखाली सेलवर शुद्ध ऑक्सिजन किंवा साधा वायू सोडून तो खरे बोलतो का हे यंत्र पाहते. बहुमतापेक्षा ही रीत कितीतरी शहाणी. पण स्वतःची तपासणी करणाऱ्या यंत्रालाही नळ्या, झडपा, बारीक छिद्रे आणि सॉलेनॉइड असतात, आणि तेही बिघडतात. अशा यंत्राच्या तंत्रज्ञाला एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: ही तपासणी काय तपासत नाही? पडद्यावर हिरवी खूण उमटली की हात मागे घेणारा तंत्रज्ञ या यंत्राला नकोच.

तिसरा आक्षेप उत्पादकांचा असतो, आणि तो अर्धा खरा आहे. प्रत्येक बनावट वेगळी, सुटे भाग वेगळे, म्हणून आमच्याच कारखान्यात चार-पाच दिवस या, प्रमाणपत्र घ्या, आणि आमचेच यंत्र उघडा, असे ते म्हणतात. भागांच्या बाबतीत त्यांचे बरोबर. दुसऱ्याचा भाग बसवू नये हे मी वर सांगितलेच आहे. पण चुना, शिसे, पडदा आणि माणसाचे फुप्फुस यांवर कोणाचा छाप नसतो. कंपन्याही कायमच्या नसतात. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांचे इलेक्ट्रोलंग हे इलेक्ट्रॉनिक सेलांवर चालणारे पहिले विक्रीचे रिब्रीदर 1968 च्या सुमारास आले आणि काही वर्षांत, अपघातांनंतर, बाजारातून गेले. असे यंत्र ज्यांच्याकडे उरते त्यांच्यासाठी कारखान्याचे दार बंद झालेले असते. उत्पादकाचा वर्ग शेवटी यावा. आधी सर्वांना समान असलेले शिक्षण. आणि उत्पादकाला स्वतःच्या यंत्राचे बिघाड कपाटात मांडण्यात फारसा रस नसतो, हेही उघडच आहे.

चौथा आक्षेप या शाळेच्या आत काम करणारा माणूस घेईल: बिघडलेले भाग मुद्दाम सांभाळून ठेवायचे म्हणजे एक दिवस त्यातला एखादा चांगल्या यंत्रात जाणारच. ही भीती अगदी रास्त आहे. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. कपाटातल्या प्रत्येक भागावर खोडता न येणारा लाल रंग आणि क्रमांक असावा. सकाळी मोजून द्यावा, संध्याकाळी मोजून घ्यावा, दोघांच्या सह्या व्हाव्यात. आकडा जुळला नाही तर त्या दिवशी कोणतेही यंत्र कार्यशाळेबाहेर जाऊ नये. आणि शिकवण्याचे यंत्र पाण्याला कधीच लागू नये. शस्त्रक्रियेनंतर सुया आणि बोळे मोजतात तसेच हे आहे. या मोजणीला कंटाळणारा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात ओळखू येतो, हा तिचा वरचा फायदा.

राहिला खर्चाचा आक्षेप. आपल्या देशात असली यंत्रे किती, त्यांच्यासाठी शाळा काढायची का? फक्त समुद्राकडे पाहिले तर संख्या थोडीच भरते, आणि नौदलाचे शिक्षण नौदलात होते. पाणबुड्यांची त्यांची शाळा कोचीला आहे. पण श्वास फिरवून घेण्याचे काम फक्त पाण्याखाली होत नाही. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या कोळसा खाणींत आग लागली किंवा विषारी वायू साठला तर बचावपथक पाठीवर जे लावून उतरते तेही बंद पद्धतीचे ऑक्सिजन यंत्रच असते. त्यांतली काही चार चार तास चालतात. तालुक्याच्या इस्पितळात भूल देण्याच्या यंत्रातही एकमार्गी झडपा, सोडा लाइमचा डबा आणि ऑक्सिजन मोजणारा सेल असतो. बऱ्याच यंत्रांत तो सेल शिशाचाच असतो. तिथली चिकटलेली झडप हीच खोट निर्माण करते, फक्त रुग्णाशेजारी डॉक्टर उभा असतो म्हणून ती लवकर लक्षात येते. तिन्ही क्षेत्रांचे सामाईक शिक्षण एका जागी, आणि नंतर ज्याचे त्याचे वेगळे, अशी रचना केली तर विद्यार्थ्यांची संख्या पुरेशी होते आणि कपाटही तीन बाजूंनी भरत राहते. नागपूरसारखे शहर, जिथे कोळसा कंपनीचे मुख्यालय आणि मोठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये शेजारी आहेत, या कामाला मला कोणत्याही बंदरापेक्षा सोयीचे वाटते. रिब्रीदरची शाळा समुद्रापासून इतकी दूर, याचे कोणाला हसू आले तर येऊ दे. दाबपात्राला समुद्र लागत नाही.

परीक्षेबद्दल बोलून थांबतो. उमेदवारासमोर पाच यंत्रे ठेवावीत. काहींत एक बिघाड असावा, एकात एकमेकांना झाकणारे दोन, आणि एक यंत्र पूर्णपणे निर्दोष असावे, कारण सगळीकडेच खोट काढणारा तंत्रज्ञ ग्राहकाला लवकरच नकोसा होतो आणि मग त्याचे खरे इशारेही कोणी ऐकत नाही. पाचवे यंत्र असे निवडावे की खोलीत ठेवलेल्या साधनांनी त्याचा निकाल लागू नये. उदाहरणार्थ, दाबपात्र मुद्दाम बाहेर ठेवून संशयित सेल समोर ठेवावा. तिथे ‘सांगता येत नाही, यंत्र परत देणार नाही, मला हे साधन हवे’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि अंदाजाने बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला शून्य. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असावी. शिशाऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन मोजणारे सेल बाजारात आले आहेत. ते हद्दीला टेकण्याच्या दोषातून सुटले असले तरी त्यांचे स्वतःचे दोष असणारच, आणि पुढच्या परीक्षेपूर्वी ते गोळा करण्याचे काम शाळेच्या शिक्षकांकडे नेमून दिलेले असावे.